मोटारीपुढचा वखर

आपल्याकडं कुणाच्या घरी गेलं, की माणूस पायरीशी पाय धुतो आणि मग आत जातो. मारोतरावांच्या घरी जायचं तर पाय सडकेवरच धुवावे लागत. घर तिथून दीडशे पावलं आत. सडकेच्या कडेला त्यांनी एक रांजण ठेवला होता, त्यावर पत्र्याचा डबा आणि शेजारी एक सपाट दगड. दगडावर उभं राहायचं, पाय धुवायचे आणि मगच त्यांच्या वाटेवर पाऊल टाकायचं. विसरलात तर आतून, दीडशे पावलांवरून, आरोळी यायची, "तकलीफ माफ! पाय!"

आम्ही त्या गावी राहायला गेलो त्या वर्षी संक्रांतीला मी तीळगूळ घेऊन त्यांच्याकडं गेले. थंडीचे दिवस, कुठं चिखलाचा थेंब नाही. तरी पाय धुतले. आत गेले तर घराची जमीन महिनाभर सारवलेली नव्हती. खाटेवर नट आणि बोल्ट, देवळीत तेलाची बुधली, चुलीशेजारी मोटारीचं एक आख्खं चाक टेकून ठेवलेलं. माझ्या धुतलेल्या तळव्यांना तिथं काळं वंगण लागलं. तीळगूळ देऊन निघाले, तर मारोतराव तांब्या घेऊन दारात उभे.

"मास्तरीणबाई, तकलीफ माफ, जाताना बी पाय धुऊन घ्या. वाट खराब व्हईल."

म्हणजे घरातून बाहेर पडताना पाय धुवायचे! घरी येऊन मी आमच्या मास्तरांना सांगितलं, की शेजारी मिळाला तो हा असा. मास्तर म्हणाले, "माणूस आहे की काय आहे!" आणि पुन्हा वह्या तपासायला लागले. वाट कशासाठी होती ते मला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्यामुळंच मी त्यांच्यावर फार रागावू शकत नव्हते. ते पुढं सांगतेच.

आमचं गाव हिंगोलीहून पुसेगावकडं जाणाऱ्या सडकेवर. शाळा सडकेला लागून, शाळेला लागून मास्तरांची खोली, आणि आमच्या अंगणाच्या कडेनं मारोतरावांची वाट आत जायची. त्यांचं घर गावात नव्हतं, शेतात होतं. दोन्ही बाजूंना काळी माती. उन्हाळ्यात तिला हात हात रुंद भेगा पडायच्या आणि पावसाळ्यात तिच्यात बैल गुडघ्यापर्यंत जायचा. मुरूम टाकून पाहिला नाही असं नाही. दरवर्षी दहा गाड्या मुरूम टाकायचे. काळी माती तो खाऊन टाकायची आणि वर पुन्हा तोंड पुसून बसायची.

मारोतराव दिसायला उंच, काटक. वर खाकी कोट, खाली धोतर. कोटाच्या खिशात बोल्ट आवळायचे चार-पाच पाने, त्यामुळं ते चालले की भांड्यांची माळ हलल्यासारखा आवाज व्हायचा. हिंगोलीला एका जिनिंगच्या कारखान्यात बारा वर्षं इंजिनावर होते. बायको लवकर गेली तेव्हा नोकरी सोडून लेकीला घेऊन शेतात येऊन राहिले. पण इंजिन डोक्यातून गेलं नाही. सगळं जग त्यांना इंजिनासारखंच दिसायचं. आमच्या मास्तरांना खोकला झाला, तर यांनी त्यांच्या पाठीला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि मला म्हणाले, "हवा कमी येऊन राहिली, तेल जास्त झालं. आठ दिवस भजी बंद करा." मी भजी बंद केली. खोकला गेला. मास्तरांनी त्याबद्दल त्यांना कधी माफ केलं नाही.

मोटारीची कथा आणखी निराळी. नांदेडच्या एका व्यापाऱ्यानं निकामी म्हणून टाकून दिलेली ती छोटी लारी. पुढं दोघांना बसायला जागा, मागं उघडा हौदा. मारोतरावांनी ती सहा बैल जुंपून गावात ओढून आणली, तेव्हा लोकांना वाटलं भंगाराला आणली. वर्षभर ती त्यांच्या अंगणात सुटी होऊन पडलेली होती. मग एके दिवशी ती सुरू झाली. लढाईचे दिवस, पेट्रोल परवान्यावर, आणि परवाना आमच्यासारख्या गावात कोण देतो? नांदेडला कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी त्यांनी पाहिल्या, त्यांच्याभोवती दोन दिवस फिरले, आणि परत येऊन एका पिंपाला भोकं पाडून मागच्या हौद्यात तसलीच भट्टी बसवली. आता मोटार सुरू करायची म्हणजे आधी कोळसे पेटवायचे आणि अर्धा तास पंख्यानं वारा घालायचा. मी सकाळी काडेपेटी वाचवायला त्यांच्या मोटारीतून विस्तू आणत असे. मोटारीच्या विस्तवावर स्वयंपाक केलेली दुसरी बाई मला तरी माहीत नाही.

त्या मोटारीतून ते कापसाची बोचकी हिंगोलीला नेत, बाजाराचा माल आणत. पण हे सगळं वरचं काम. मोटारीचं खरं काम वाट साफ करणं हे होतं.

आता ती गोष्ट सांगते, आणि सांगण्याआधी एक कबूल करते. आधी हसले ती मीच.

मारोतरावांची लेक गंगू पुसेगावला दिलेली. सासरे दत्तराव, मोठी शेती, मोठ्या मिशा, आणि मिशांहून मोठा मान. आम्ही गावात आलो त्याच पावसाळ्यात, लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला, दत्तराव स्वतः सुनेला माहेरी घालायला आले. दमणीतून आले. दमणी म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, वर रंगीत छत, बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा. सडकेवरून झोकात आली, मारोतरावांच्या वाटेवर वळली आणि तीस पावलांवर चाकं रुतली. दत्तराव खाली उतरायला गेले. एक पाय चिखलात गेला तो वर येईना. दुसरा टाकला, आणि नवं पागोटं, नवं धोतर, मिशा, सगळ्यासकट ते तोंडावर आडवे झाले.

मी आमच्या दारात उभी होते. मला हसू आलं आणि ते मोठ्यानं आलं. मग मागचे पाच-पंचवीस लोक हसले.

दत्तराव उठले. चिखलातून त्यांचे फक्त डोळे दिसत होते. म्हणाले, "जोवर माझी दमणी चाक न रुतता या घराच्या दारात जात न्हाई, तोवर माझी सून या माहेराला येनार न्हाई." माणसं लावून गाडी काढली, फिरवली. गंगू छताखाली बसलेली होती. तिनं बापाचं दार शंभर-सव्वाशे पावलांवरून पाहिलं. मारोतराव चिखलातून पळत येत होते, पण चिखलात माणूस पळणार किती? ते सडकेवर आले तेव्हा घुंगुरमाळा दूर गेल्या होत्या. त्यांच्या हातात लाह्यांची पुरचुंडी होती. ती त्यांनी माझ्याकडं दिली आणि म्हणाले, "लेकरांना द्या शाळेत." मी एवढी शरमले, की पुढं पंधरा दिवस त्यांच्याकडं वर मान करून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतराव वाटेवर दोरी धरून मोजमाप करत होते.

आधी त्यांनी बैलांना वखर जुंपून चिखल खरडून पाहिला. वखर सगळ्यांना माहीत आहे. आडवी लोखंडी पास, ती जमिनीची वरची साल काढत जाते. पण बैलांच्या खुरांनी खड्डे पडायचे आणि खड्ड्यांत पाणी साचायचं. मग सुतार-लोहाराला बसवून त्यांनी मोठा वखर केला आणि तो मोटारीला बांधला, मागं नव्हे, पुढं. थोडा तिरपा, म्हणजे चिखल एका अंगाला पडत जाईल. वखराची दोरी विहिरीच्या चाकावरून घेऊन त्यांच्या डाव्या हाताशी आणलेली. दोरी ओढली की वखर उचलला जायचा, सोडली की खाली. मागच्या चाकांना साखळ्या. गावात ज्याला त्याला तेच बोलायला विषय. "मारोतरावानं वखर म्होरं जुंपला आन् बैल मागं!"

पहिल्या खेपेला दोरी जरा जास्त सुटली आणि वखरानं वाटेचा चिखल तर नेलाच, पण माझ्या अंगणाच्या कडेला वाळत घातलेल्या गोवऱ्याही ढीग करून त्यांच्या दारात नेऊन टाकल्या. मी कमरेला पदर खोचून भांडायला गेले. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, तकलीफ माफ, पण पाहिलं का कसा साफ घेऊन राहिला?" आणि मागं वळून पाहिलं तर खरोखरच, सडकेपासून दारापर्यंत वाट अशी निघाली होती, की तिच्यावर ताट मांडून जेवावं. माझं भांडण तिथंच राहिलं. एवढ्या चिखलात एवढी सरळ, एवढी स्वच्छ गोष्ट मी त्याआधी पाहिली नव्हती.

मग चार पावसाळे हेच चाललं. पाऊस थांबला, की अर्ध्या तासात कोळशाचा धूर, मग घरघर, मग वाटेवरून एक फेरी तिकडून, एक फेरी इकडून. शाळेतली पोरं पाढे म्हणताना थांबायची. दिवसातून तीनदा पाऊस आला तर तीनदा. जेवता जेवता उठलेले मी त्यांना पाहिलं आहे. ताप असताना कांबळं पांघरून मोटार चालवताना पाहिलं आहे. तेव्हा मात्र मी ओरडले, "अहो, उद्या करा की, कोण येणार आहे आज?"

"कोन यील ते सांगता येत न्हाई, म्हनून तर," ते म्हणाले.

दरवर्षी पंचमीच्या आधी पुसेगावला निरोप जायचा: वाट तयार हाय. पहिल्या वर्षी दत्तरावांचा उलटा निरोप आला: पाहू. दुसऱ्या वर्षी त्यांनी गाडीवानाला रिकामी दमणी देऊन पाठवलं. ती सुरळीत दारात गेली, परत आली. दत्तराव म्हणाले, रिकामी गेली, भरलेली जाईल कशावरून? तिसऱ्या वर्षी ओढ्याला पूर आला आणि निरोपच पोचला नाही. मारोतराव अधूनमधून मोटार घेऊन लेकीला पाहायला जायचे. पण लेकीच्या सासरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही ही आपली रीत. ते ओट्यावर बसायचे, ती दाराच्या आड उभी राहायची.

"कशी हाईस?"

"बरी हाय."

"बराबर." एवढं बोलून ते परत यायचे. हे त्यांनीच मला सांगितलं, जणू इंजिनाचा एखादा भाग जागेवर आहे की नाही ते पाहून आले, अशा आवाजात.

चौथ्या वर्षी दत्तराव कबूल झाले. पंचमीच्या दिवशी दुपारी, सुनेला घेऊन, स्वतः येतो. दमणी दारात गेली तर सून राखीपौर्णिमा करून येईल. रुतली तर तिथून माघारी. तो निरोप आला तेव्हा मारोतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा घर सारवून घेण्यासाठी माझ्याकडं बाई मागितली.

आणि पंचमीच्या आदल्या रात्री पावसानं जे धरलं ते सकाळी उजाडल्यावरच सोडलं. मी दार उघडलं तर वाट दिसतच नव्हती. दोन्ही शेतांतली माती वाहून वाटेवर आली होती. कुठं शेत संपतं आणि कुठं वाट लागते ते कळायला मार्ग नव्हता. तरी मला काळजी वाटली नाही. दहा मिनिटांचं काम. मारोतरावांनी मोटार रात्री सडकेवरच ठेवली होती, तिची भट्टी पेटलेली होती, धूर येत होता. मी दूध-लाह्यांचं ताट भरायला लागले, आणि ताट भरता भरता माझा हात थांबला.

आज पंचमी. आज जमिनीत लोखंड घालत नाहीत.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे सांगायला नको. नागोबाचा दिवस. या दिवशी नांगर नाही, वखर नाही, कुदळ नाही. बायका चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा चुलीवर ठेवत नाहीत. पुरणाची दिंडं उकडायची आणि वारुळाला जायचं. आणि या माणसाच्या मोटारीपुढं पाच हात लोखंडाची पास.

कामाचा दिवस नाही म्हणून सगळं गाव सडकेवर जमलं. अर्धे म्हणाले चालवा, अर्धे म्हणाले आज न्हाई. आमचे मास्तर हैदराबादची परीक्षा पास झालेले. ते रांजणाशेजारच्या दगडावर चढले आणि म्हणाले, "वाट म्हणजे शेत नव्हे. चिखल म्हणजे जमीन नव्हे. आणि खरडणं म्हणजे खणणं नव्हे." युक्तिवाद बिनतोड होता. शिवाय मारोतराव अमावास्येला मोटार चालवणारे, ग्रहणात जेवणारे. देवळापुढून जाताना ते हात जोडत नसत, फक्त भोंगा वाजवत. ते थांबतील असं कुणालाच वाटलं नाही.

मोटार वाटेच्या तोंडाशी आली. मारोतरावांचा डावा हात दोरीवर होता. ती सोडली की झालं. आम्ही सगळे त्या हाताकडं पाहत होतो.

त्यांनी दोरी सोडली नाही. खुंटीला दोन वेढे देऊन पक्की बांधली, मोटार सडकेच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

"मास्तर, तुमचं म्हननं बराबर हाय. म्या चालवलं असतं. पर गंगू पाळते."

 मग ते माझ्याकडं वळून, जरा ओशाळल्यासारखे, बोलले. "तिला भाऊ न्हाई ना. मंग आदल्या दिवशीचा भावाचा उपास बापासाठीच धरायची. सहा वरसाची होती तवापासून. आन् पंचमीला माझे समदे पाने कणगीत लपवून ठिवायची. म्हनायची, बाबा, आज तुमच्या हातानं कुनाला लागलं तर माझा उपास वाया जाईल. कालचा बी धरला आसंल तिनं. आता तिच्याच वाटंत म्या लोखंड घालू काहून?"

मी काय सांगू! चार वर्षं ज्यासाठी या माणसानं जेवण सोडलं, झोप सोडली, ते सगळं दोरीच्या एका वेढ्यावर होतं, आणि तो वेढा त्यांनी बांधून टाकला. गाडी रुतली तर लेक पुन्हा माघारी जाणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मला त्यांच्यापुढं वाकावंसं वाटलं. वाकले नाही, कारण माझ्या हातात ताट होतं आणि मला तसलं जमत नाही.

मारोतराव तोवर घराकडं गेलेही होते. घरामागं त्यांची वर्षभराच्या जळणाची पऱ्हाटी रचलेली होती. कापूस वेचून झाल्यावर उरतात त्या वाळक्या काड्या. ते त्या मोळ्या उचलून आणायला लागले आणि वाटेवर अंथरायला लागले. मोळ्यांचे बंध पावसानं घट्ट झालेले. कापायचे नाहीत, म्हणून प्रत्येक गाठ बोटांनी सोडवत होते. मोळ्या संपल्या तशी पोती आणली. पोती संपली तशी खाट आणून उलटी घातली. मग मोटारीच्या हौद्याच्या फळ्या काढल्या. मग घराची दोन्ही दारं बिजागऱ्यांतून उचलून आणली. घर उघडं, आतलं सगळं दिसत होतं, ताजं सारवण आणि मधोमध मांडलेला एक पाट.

मी ताट बाजूला ठेवलं आणि आमच्या पऱ्हाट्या आणल्या. चुलीला उद्या काय घालू हा विचार केला नाही. वारुळाला निघालेल्या बायकांनी माझ्याकडं पाहिलं, आणि एकेक करून त्या आपापल्या घरी वळल्या. सणाची लुगडी नेसलेल्या बायका डोक्यावर जळण घेऊन येत होत्या. हसणं-खिदळणं नाही, गाणी नाहीत. त्या दिवशी वारुळाला जायला आम्हाला तिसरा प्रहर झाला. नागोबानं समजून घेतलं असेल.

दुपारी घुंगुरमाळा ऐकू आल्या.

दत्तरावांनी सडकेवर दमणी थांबवली आणि वाट पाहिली. काड्या, पोती, फळ्या, खाट, दारं. त्यांच्या मिशा हलल्या. गाडीवानाला त्यांनी हातानं खूण केली. बैल काड्यांवर पाय ठेवायला बिचकले, मग चालू लागले. चाकांखाली काड्या मोडत होत्या. तीस पावलं गेली. पन्नास गेली. शंभर गेली.  अंगणापासून दहा-बारा हातांवर काड्या संपल्या होत्या, तिथं नुसतं एक पोतं होतं. उजवं चाक त्या पोत्यावर गेलं आणि पोत्यासकट मधल्या तुंब्यापर्यंत खाली बसलं.

मी पदर तोंडावर दाबला. चार वर्षांपूर्वी हसू दाबायला हवा होता, तेव्हा दाबला नव्हता. आता रडू येत होतं.

दत्तराव सावकाश उतरले, बेतानं एका फळीवर पाय ठेवला. मारोतराव समोर उभे होते, हात बाजूला सोडून. गाठी सोडवून बोटांतून रक्त आलं होतं. दत्तरावांनी मागं वळून सडकेवरच्या मोटारीकडं पाहिलं. वखर वरच बांधलेला होता.

"मोटार काहून न्हाई चालवली?"

"पंचमी हाय."

"तुमी कवापासून पाळाया लागले?"

"म्या न्हाई पाळत," मारोतराव म्हणाले. "तुमची सून पाळते."

 गाडीवान चाकाशी वाकून पाहत होता. तो म्हणाला, "मालक, कुदळ आनावी लागंल. बाजूची माती उकरल्याबिगर गाडी माघारी फिरत न्हाई."

"कुदळ?" दत्तराव एवढ्या मोठ्यानं ओरडले, की बैलांनी कान टवकारले. "पंचमीला जमीन उकरतो व्हय रे? अक्कल हाय का? आज ही गाडी हलनार न्हाई!" मग मिशीवरून हात फिरवत, कुणाकडंच न पाहता, ते म्हणाले, "आन् गाडी न्हाई हलली तर सून माघारी जाईल कशी? उतर, गंगू."

गंगू उतरली. तिनं चिखल पाहिला नाही, काड्या पाहिल्या नाहीत, सरळ चालत आली. पायातली जोडवी चिखलात बुडत होती. बापाच्या पाया पडायला वाकली तेव्हा मारोतरावांनी तिचे हात धरले, आणि हा माणूस, जो सगळ्या जगाच्या छातीला कान लावून ऐकायचा, तो ते हात उलटसुलट करून पाहत राहिला. शेवटी म्हणाले, "बराबर आलीस."

दत्तरावांना त्याच संध्याकाळी मारोतरावांनी मोटारीतून पुसेगावला सोडलं, वखर वर बांधून. दत्तराव पुढं बसले होते आणि दर गावाशी भोंगा वाजवायला लावत होते, असं नंतर कळलं. दमणी दुसऱ्या दिवशी उकरून काढली.

दहा-बारा दिवस गंगू राहिली. त्या घरातून बोलण्याचा आवाज यायचा, तो मी चार वर्षांत ऐकला नव्हता. मारोतराव रोज वाट साफ करायचे, पण आता ते गाणं गुणगुणत करायचे. गाणं कसलं होतं ते ओळखू येत नव्हतं.

राखीपौर्णिमा झाली. तिसऱ्या दिवशी जावई न्यायला यायचे होते. पहाटे पाऊस पडून गेला होता, फार नव्हे. वाटेवर घोट्याएवढा चिखल. जावयांची दमणी सडकेवर येऊन उभी राहिली आणि आम्ही सगळे धुराची, घरघरीची वाट पाहू लागलो. कसलाच सण नव्हता. लोखंडाला मनाई नव्हती. अर्धा तास गेला, तास गेला. धूर नाही.

मी पाय धुऊन आत गेले.

मारोतराव अंगणात बसले होते. समोर पोतं अंथरलेलं, त्यावर सगळं इंजिन सुटं करून मांडलेलं. आदल्या संध्याकाळी मी स्वतः त्या मोटारीला वाटेवरून जाताना पाहिलं होतं, काही बिघडलेलं नव्हतं. ते एक बोल्ट फडक्यानं पुसत होते, पुसून ठेवत होते आणि पुन्हा तोच उचलून पुसत होते. शेजारी गंगू पाटल्या घातलेल्या हातांनी तेलाची वाटी धरून बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"खोलावं लागलं," मारोतराव माझ्याकडं न पाहता म्हणाले. "चार दिस तरी लागतील."

मी म्हणाले, "दिसतंय."

मी सडकेवर आले आणि जावयांना सांगितलं, की इंजिन मोडलं आहे, फार वाईट मोडलं आहे, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग बैल सोडायला लावले, जावयांना आमच्या ओसरीवर बसवलं आणि चहाचं आधण ठेवलं.